गिटार कुणासाठी? ‘क्लॅप्टन्स गिटार’ आणि मित्राच्या हातची एक गिटार

माझ्याकडे दोन गिटारी आहेत. पहिली नोकरी लागल्यावर हप्त्यांवर घेतलेली. कारखान्यातली, चकचकीत, पाच वर्षांत खुंट्या पिळण्यापलीकडे जिला काही करावं लागलेलं नाही. दुसरी माझ्या मित्राने माझ्यासाठी केलेली. तो मेकॅनिकल इंजिनीअर. पुण्यातल्या भाड्याच्या वन बीएचकेच्या बाल्कनीत, शनिवार-रविवार धरून, 14 महिने तो ती करत होता. शेजारच्या काकूंनी लाकडाच्या भुशावरून सोसायटीत दोनदा तक्रार केली. शेवटी एका जूनमध्ये, पावसात, बेडशीटमध्ये गुंडाळून आणि वर रेनकोट घालून (गिटारला, स्वतःला नाही) तो ती माझ्या घरी घेऊन आला. साउंडहोलमधून आत टॉर्च मारला तर एक कागद चिकटवलेला दिसला. ‘नं. 1’ आणि त्याखाली माझं नाव.

मी वाजवली. बारीक तारा छान बोलत होत्या. जाड तारांचा आवाज मात्र उशीखालून आल्यासारखा. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, “भारी झालीये रे.”

हा लेख एका पुस्तकाबद्दल आहे. पण त्या तीन शब्दांपासून सुरुवात केल्याशिवाय मला त्या पुस्तकाबद्दल धड काही लिहिता येत नाहीये, असं दोन मसुदे खोडल्यावर लक्षात आलं.

*

लोकसंख्या 7

ॲलन सेंट जॉन या अमेरिकन पत्रकाराचं ‘क्लॅप्टन्स गिटार’ हे पुस्तक 2005 साली आलं. वेन हेंडरसन नावाचा माणूस एक सर्वांगपरिपूर्ण वाद्य कसं घडवतो ते बघणं, अशा अर्थाचं त्याचं उपशीर्षक आहे. हेंडरसन राहतो अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, डोंगरातल्या रग्बी नावाच्या वस्तीत. पुस्तकाच्या हिशेबाने तिथली लोकसंख्या 7. आयुष्यभर त्याने पोस्टमनची नोकरी केली, खेड्यापाड्यांत टपाल वाटलं आणि उरलेल्या वेळात गिटारी केल्या. स्वतः वाजवतोही अफाट. पारंपरिक कलांसाठी दिली जाणारी अमेरिकेची राष्ट्रीय फेलोशिप त्याला 1995 साली मिळाली.

गोष्ट अशी की एरिक क्लॅप्टनच्या हातात एकदा हेंडरसनने केलेली एक गिटार पडली. त्याला ती इतकी आवडली की त्याने आपल्यासाठीही एक हवी असं कळवलं. हेंडरसनकडे तेव्हा जवळपास दहा वर्षांची रांग होती. क्लॅप्टनही रांगेत उभा राहिला. वर्षं गेली. मग सेंट जॉन मध्ये पडला आणि ‘करा की आता क्लॅप्टनची गिटार’ म्हणून हेंडरसनच्या मागे लागला. यात आपला थोडा स्वार्थ होता हे तो लपवत नाही. त्याला स्वतःलाही हेंडरसनची एक गिटार हवी होती. शेवटी काम सुरू होतं, लेखक वर्कशॉपमधलं एक स्टूल ओढून बसतो आणि आपल्यालाही शेजारी बसवतो.

पुस्तकाचा मोठा भाग म्हणजे हे बसणं. लाकडाच्या फळ्या निवडणं, त्यांना बोटाने टिचकी मारून कान लावणं, बाजूच्या पातळ पट्ट्या ओल्या करून गरम पाइपवर वाकवणं, सरस लावून शिकंज्यात आवळणं, नेक तासणं. हेंडरसनचं लाडकं हत्यार म्हणजे साधा चाकू. गावातले आणि बाहेरून आलेले मित्र दिवसभर दुकानात टेकलेले असतात. जुने विनोद पुन्हा सांगितले जातात, मध्येच कुणीतरी बँजो काढतं, कुणीतरी घरून खायला करून आणतं. आपल्याकडे गावातल्या सुताराच्या नाहीतर न्हाव्याच्या दुकानात जसा अड्डा जमतो तसंच. काम आणि गप्पा यांच्यात भिंत नाही.

हे सगळं सेंट जॉन फार प्रेमाने लिहितो. ज्याला गिटारमधलं काही कळत नाही त्यालाही ही पानं आवडतील. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती मुखपृष्ठावरच्या नावाशी.

*

अडीच मिलिमीटरचा प्रश्न

आधी गिटार कशी काम करते ते दोन मिनिटांत समजून घेऊ, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे.

स्टीलच्या तारांची गिटार सुरात लावली की सहा तारा मिळून ब्रिजवर साधारण 70 ते 80 किलोचा ताण टाकतात. म्हणजे एक धडधाकट माणूस चोवीस तास त्या ब्रिजला लोंबकळलेला आहे असं समजा. हा ताण ज्या वरच्या फळीने पेलायचा ती स्प्रूसची फळी असते सुमारे 2.5 ते 3 मिलिमीटर जाड. ती एकटी टिकणार नाही. म्हणून आतल्या बाजूने तिला आधारपट्ट्या चिकटवतात, त्यांना ब्रेस म्हणतात. बहुतेक स्टील-तारांच्या गिटारींत दोन मुख्य ब्रेस फुलीसारख्या एकमेकींना छेदतात.

आता गंमत बघा. फळी आणि ब्रेस जितक्या जाड, तितकी गिटार टिकाऊ आणि मुकी. जितक्या पातळ, तितकी बोलकी आणि नाजूक. फारच पातळ केल्या तर ब्रिजमागे फळी फुगते, पुढे चिरते. तेव्हा उत्तम गिटार ही मोडायच्या थोडी अलीकडे थांबलेली वस्तू असते. घडवणाऱ्याचं सगळं कौशल्य हे ‘थोडं अलीकडे’ नेमकं कुठे, ते ओळखण्यात.

कारखान्याला ही जोखीम परवडत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. आपली गिटार कोण घेणार हे त्याला माहीत नसतं. घेणारा ती मे महिन्यात बंद गाडीत ठेवेल. हाताला लागतील त्या जाड तारा चढवेल. पावसाळ्यात सहा महिने भिंतीला टेकवून विसरेल. वॉरंटी मात्र कारखान्याची. म्हणून कारखाना त्यातल्या त्यात बेफिकीर माणूस डोळ्यांसमोर ठेवतो आणि ब्रेस जाड ठेवतो. माझ्या हप्त्यांवरच्या गिटारला पाच वर्षांत काही झालं नाही, त्याचं कारण हेच. आणि तिचा आवाज पाच वर्षांत कधी अंगावर आला नाही, त्याचंही.

मित्रासाठी गिटार करणाऱ्याला मात्र समोरचा माणूस ठाऊक असतो. तो कुठल्या तारा लावतो, पिकने झोडतो की बोटांनी छेडतो, घरी ओल येते का, वस्तू जपतो का, हात केवढा आहे, हे सगळं. माझ्या डाव्या हाताची करंगळी बारावीत क्रिकेट खेळताना मोडली, ती नीट वाकत नाही. मित्राने नेक घडवताना तेवढ्यासाठी माझा हात तीनदा धरून पाहिला आणि नेहमीपेक्षा तो थोडा बारीक ठेवला. अशी गोष्ट कुठल्याही कॅटलॉगमध्ये सापडत नाही.

‘हँडमेड’ हा शब्द आता साबणापासून चॉकलेटपर्यंत सगळ्यावर छापलेला असतो. वस्तू हाताने केली की तिच्यात आपोआप काहीतरी उतरतं, असा त्यामागचा समज आहे. माझा यावर विश्वास नाही. कारखान्यातही हातच असतात, आणि ते बऱ्याचदा माझ्या मित्रापेक्षा सफाईदार असतात. फरक पडतो तो घडवणाऱ्याला समोरचा माणूस माहीत असण्या-नसण्याने. ही ओळख भावनेपुरती राहत नाही. लाकडातून नेमकं किती तासून काढायचं ते ती ठरवते. ओळख असली की पातळ करायची हिंमत होते.

आपल्याकडे हे नवीन नाही. मिरजेत सतार-तंबोरे करणारी घराणी आहेत. शिकलगार, म्हणजे एके काळी हत्यारं घडवणारे कारागीर, एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे तंबोऱ्याची जवारी काढून घ्यायला गायक जातो तेव्हा काय होतं? कारागीर घोडी अगदी किंचित घासतो, तार छेडतो, गायकाकडे बघतो, पुन्हा घासतो. कुणाला खुली जवारी हवी असते, कुणाला गोल. बाईच्या पट्टीचा तंबोरा वेगळा, पुरुषाच्या पट्टीचा वेगळा. तंबोरा ‘चांगला’ आहे की नाही, हा प्रश्न तिथे ‘कुणासाठी?’ असं विचारल्याशिवाय पुराच होत नाही.

आता ‘क्लॅप्टन्स गिटार’कडे परत येऊ. हेंडरसनचं आयुष्य अशाच ओळखीवर चाललेलं आहे. त्याच्याकडे रांग असली तरी ती बँकेतल्या टोकनसारखी सरळ सरकत नाही. मित्र, शेजारी, दुकानात येऊन बसणारे लोक, ज्यांच्याबरोबर तो वाजवतो ते लोक आधी. फोनवर घाई करणारा अनोळखी श्रीमंत मागे. बाजारात त्याच्या गिटारी तो घेतो त्याच्या कितीतरी पट किमतीला पुन्हा विकल्या जातात, तरी तो स्वतःचा दर त्या हिशेबाने वाढवत बसत नाही. आणि सेंट जॉनने या सगळ्या गिटारींतून पुस्तकासाठी कुठली निवडली? जिच्या मालकाला हेंडरसन धड ओळखतही नाही, ती.

व्यावहारिक कारण उघड आहे. ‘शेजाऱ्याची गिटार’ असं शीर्षक असतं तर पुस्तक कुणी घेतलं असतं? मीही कदाचित नसतं घेतलं. पण यामुळे पुस्तकाच्या मधोमध एक पोकळी राहते. क्लॅप्टनच्या हाताचा आकार, त्याचं वाजवणं जगाला रेकॉर्डवरून माहीत आहे. पण तो हेंडरसनच्या स्टुलावर बसलेला नाही. हेंडरसनने चाकूने नेक तासत असताना त्याचा हात धरून पाहिलेला नाही. ज्या गुणासाठी लेखक हेंडरसनला डोक्यावर घेतो, नेमका तोच गुण वापरायला या एका गिटारमध्ये वाव कमी. पुस्तकातली जी पानं लक्षात राहतात ती मित्रांची आहेत, आणि मुखपृष्ठावर नाव आहे पाहुण्याचं.

*

शिसव आणि दुर्मीळपणाची चव

दुसरी तक्रार लाकडाबद्दल.

गिटारच्या जगात ब्राझिलियन रोजवूडबद्दल लोक ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात आपल्याकडे लोक देवगड हापूसबद्दल बोलतात. ‘क्लॅप्टन्स गिटार’ही त्या मोहातून सुटलेलं नाही. जुनं, दुर्मीळ, आता सहज न मिळणारं लाकूड म्हणजे चांगला आवाज, हे समीकरण पुस्तकाच्या हवेत सतत आहे.

या झाडाची गोष्ट मात्र दुःखी आहे. इतकी तोड झाली की 1992 साली सायटिस करारानुसार त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सगळ्यात कडक बंधनं आली. त्याच्या बरंच आधी, 1969 मध्ये, मार्टिन या अमेरिकेतल्या सगळ्यात नावाजलेल्या गिटार कंपनीने ब्राझिलियन रोजवूड सोडून भारतीय रोजवूड वापरायला सुरुवात केली होती. भारतीय रोजवूड म्हणजे काय? आपलं शिसव. आजीच्या घरातलं शिसवी कपाट, शिसवी झोपाळा, तेच हे झाड. सह्याद्रीपासून दक्षिणेकडच्या जंगलांपर्यंत वाढणारं. गेली पन्नासहून जास्त वर्षं अमेरिकेतल्या असंख्य गिटारींची पाठ या झाडाची आहे, आणि आपल्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नाही. आता शिसवही संकटात आलेल्या झाडांत मोजलं जातं. 2017 मध्ये रोजवूडच्या सगळ्याच जातींच्या व्यापारावर बंधनं आली. 2019 च्या बैठकीत तयार वाद्यांना त्यातून सूट देण्यात आली.

मग आवाजाचं काय? इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा गिटारी करून घेतल्या. सगळ्या एकसारख्या, फक्त पाठ आणि बाजू यांचं लाकूड वेगवेगळं. ब्राझिलियन रोजवूड, भारतीय रोजवूड, मॅपल, महॉगनी, सापेली आणि अक्रोड. 52 वादकांना अंधाऱ्या खोलीत, लाकूड दिसणार नाही अशा बेताने त्या वाजवायला दिल्या. 2018 साली निष्कर्ष आला: वादकांनी सहाही गिटारींना जवळजवळ सारखेच गुण दिले. स्वस्त आणि महाग लाकडाचा फरक त्यांना डोळे झाकल्यावर नीट सांगता आला नाही.

हा अभ्यास पुस्तकानंतरचा आहे, तेव्हा सेंट जॉनला त्यावरून झोडपणं बरोबर नाही. पण एक वाचक म्हणून मला आता ती पानं वेगळी वाचावी लागतात. पाठीच्या लाकडाने एवढा कमी फरक पडत असेल, तर हेंडरसनच्या गिटारीत जे आहे ते येतं कुठून? वरच्या फळीच्या जाडीतून, ब्रेसच्या आकारातून, कुठे थांबायचं या निर्णयातून. म्हणजे पुन्हा तिथेच आलो. दुर्मीळ फळी पैसे टाकून विकत आणता येते. ‘या माणसासाठी इतकं पातळ चालेल’ हा अंदाज मात्र त्या माणसाबरोबर वेळ काढूनच येतो. पुस्तक पहिल्या गोष्टीकडे डोळे विस्फारून बघतं आणि दुसरी गोष्ट समोर घडत असूनही तिला वातावरणनिर्मिती समजतं.

*

लेखकाच्या ब्रेस

तिसरी तक्रार मात्र माझ्यावरच उलटते.

सेंट जॉन हेंडरसनचा मित्र होतो. चांगलं झालं, त्याशिवाय हे पुस्तक झालंच नसतं. पण मित्र झाल्यावर तो त्याला प्रश्न विचारायचं जवळपास थांबवतो. हेंडरसनची तुलना स्ट्रॅडिव्हेरियसशी होते. वाद्य ‘परिपूर्ण’ असणार हे उपशीर्षकातच ठरलेलं. लहानपणी हेंडरसनने कपाटाच्या खणाच्या तळफळीपासून गिटार करायचा प्रयत्न केला होता. हाताशी होता तो गोंद लावला. उन्हाळ्याच्या उकाड्यात गोंद सुटला आणि गिटार उकलली. तेव्हा वडील त्याला अल्बर्ट हॅश नावाच्या फिडल करणाऱ्याकडे घेऊन गेले. हॅशने त्या मोडक्या गिटारकडे बघून मुलाला पुन्हा करायला लावलं आणि कसं करायचं ते दाखवलं. ही सुंदर गोष्ट आहे. पण मोठ्या झालेल्या हेंडरसनकडे कुणी तसं बघताना दिसत नाही. चुका येतात त्या किश्श्यांच्या रूपात. त्याची एखादी गिटार दुसरीपेक्षा कमी का झाली, क्लॅप्टनसारख्यांच्या मागणीने त्या छोट्या दुकानाचं काय होतं, मित्रांत आणि गिऱ्हाइकांत रेघ कुठे ओढायची, हे प्रश्न पुस्तक हातात घेतं आणि हसून खाली ठेवतं.

कॅथरीन मेरी डडली या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं ‘गिटार मेकर्स’ हे 2014 चं पुस्तक शेजारी ठेवलं की फरक कळतो. त्यांनीही उत्तर अमेरिकेतल्या गिटार घडवणाऱ्यांमध्ये बराच काळ घालवला. त्याही त्यांच्यावर माया करतात. पण या लोकांची कारागिरीची मूल्यं बाजारात तगून कशी राहतात, त्याची काय किंमत ते मोजतात, हे त्या विचारत राहतात. ते पुस्तक वाचायला जड आहे, फोनवर तर फारच. सेंट जॉन एका बैठकीत वाचून होतो. तरी हेंडरसनच्या जगात राहणं किती अवघड असेल याचा अंदाज मला डडलींकडून आला.

सेंट जॉनने आपल्या पुस्तकाच्या ब्रेस जाड ठेवल्या आहेत, असं मला म्हणायचंय. वाचक कोण असेल सांगता येत नाही, मित्र दुखावला जाऊ नये, म्हणून कौतुकाचं लाकूड सगळीकडे सारखं जाड. पुस्तक मजबूत झालंय. टिकेलही. पण जिथे ते थरथरायला हवं तिथे थरथरत नाही.

आपल्याकडे तरी वेगळं काय चालतं? मित्राचा कवितासंग्रह आला की आपण मुखपृष्ठाचा फोटो स्टोरीवर टाकतो, खाली ‘नक्की वाचा’ आणि दोन बदाम. मित्र आपल्या पुस्तकावर लिहितो, मग आपण त्याच्या. अनोळखी माणसावर मात्र एकदम तलवार. व्हायला हवं ते उलट. अनोळखी माणूस किती ताण पेलेल हे आपल्याला माहीत नसतं, तिथे जपून बोलावं. मित्र किती पेलेल हे पक्कं माहीत असतं, तिथे तरी पातळ करायची, खरं बोलायची हिंमत करावी. आपण मित्रालाच वॉरंटीवाली गिटार देतो.

“भारी झालीये रे” ही माझी वॉरंटीवाली गिटार होती.

*

‘तूच कर’

पुस्तक आल्यानंतर हेंडरसनच्या घरात घडलेली एक गोष्ट मला त्या पुस्तकाचं राहून गेलेलं शेवटचं प्रकरण वाटते. त्याची मुलगी जेन पर्यावरण कायदा शिकली. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर. तिने वडिलांना सांगितलं, मला एक गिटार करून द्या, ती विकून कर्ज फेडते. हिशेब अगदी बरोबर होता. वडिलांच्या गिटारी बाजारात काय भावाने जातात ते सगळ्यांना माहीत होतं. वडील म्हणाले, तूच कर, मी शिकवतो.

ती शिकली. आज ती स्वतःच्या नावाने गिटारी आणि युकुलेली करते. दुर्मीळ लाकडापेक्षा आसपासच्या, संकटात नसलेल्या झाडांचं लाकूड वापरायकडे तिचा कल आहे. म्हणजे वडिलांच्या कारागिरीतली जी गोष्ट पुस्तकाला भुरळ घालत होती, तिला मुलीने घरातूनच उत्तर दिलं, आणि वडिलांनी तिला त्यासाठी बाक, चाकू आणि जागा दिली. पोरीवर माया असलेल्या बापाने गिटार करून दिली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण ती काय पेलू शकते हे त्याला बाजारापेक्षा जास्त माहीत होतं.

*

हात आत घालून

मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मित्राची गिटार घरी येऊन आठ महिने झाले होते. मी ती फारशी वाजवत नव्हतो. तो आला की आधी कपाटावरून उतरवून, पुसून, दिसेल अशी ठेवायचो. एवढं नाटक मी नातेवाइकांनी लग्नात दिलेल्या फुलदाणीसाठीही केलेलं नाही.

पुस्तक वाचताना त्या टिचक्या मारण्याच्या वर्णनापाशी थांबलो. फळी तासायची, टिचकी मारायची, ऐकायचं, पुन्हा तासायची. घडवणारा लाकडाला ‘भारी झालीयेस’ म्हणत नाही. म्हटलं तर काम तिथेच संपेल.

त्या रविवारी त्याला घरी बोलावलं, चहा केला आणि सांगून टाकलं. “जाड तारांचा आवाज दबलेला आहे. पहिल्या दिवसापासून.”

तो गप्प बसला. मला वाटलं, गेली मैत्री. मग म्हणाला, “मला माहितीये. ब्रेस मी जाड ठेवल्या. भीती वाटली फुगेल म्हणून. पहिलीच होती ना.” थोड्या वेळाने म्हणाला, “तुला आवडली म्हणालास म्हणून मी परत हात लावला नाही. आठ महिने काय करत होतास गाढवा?”

दुसऱ्या शनिवारी तो एक छोटा रंधा आणि पॉलिश पेपर घेऊन आला. तारा सैल केल्या, साउंडहोलमधून मनगटापर्यंत हात आत घातला आणि आरशाच्या तुकड्यात बघत आतल्या ब्रेस थोड्या थोड्या तासायला लागला. तासायचं, भुसा बाहेर झटकायचा, तारा चढवायच्या, मी वाजवायचं. मी म्हणायचो, “अजून.” पुन्हा तारा सैल. असं चार वेळा झालं. प्रत्येक वेळी मला खरं बोलावं लागत होतं, कारण आता उशिरा सांगून उपयोग नव्हता. लाकूड परत चिकटवता येत नाही. पाचव्यांदा मी खालचा ई छेडला आणि गिटारची पाठ माझ्या पोटावर थरथरली. आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग तो म्हणाला, “बास. आता हात लावायचा नाही.”

ही गिटार ‘परिपूर्ण’ वगैरे अजिबात नाही. पाठीच्या शिसवाच्या दोन फळ्यांचा सांधा एका ठिकाणी किंचित सरकलेला आहे. ब्रिजमागे आता अगदी हलका फुगवटा आलाय, तिरप्या उजेडात दिसतो. जाताना त्याने बजावून सांगितलं: पातळ तारांखेरीज दुसऱ्या लावायच्या नाहीत, उन्हात ठेवायची नाही आणि कुणाला वापरायला द्यायची नाही. “तुझ्या हिशेबाने तासलीये. दुसऱ्याकडे गेली तर मोडेल.”

‘क्लॅप्टन्स गिटार’ वाचा, हे मी तरीही सांगेन. सेंट जॉनने ज्या स्टुलावर आपल्याला नेऊन बसवलं तिथून खूप काही दिसतं. फक्त वाचताना मुखपृष्ठावरच्या नावाकडे फार बघू नका, दुकानात रिकामे बसलेल्या मित्रांकडे बघा. आणि एखाद्या मित्राने तुमच्यासाठी काही केलं असेल, गिटार, कविता, शॉर्टफिल्म, काहीही, आणि तुम्ही आठ महिन्यांपूर्वी ‘भारी’ म्हणून मोकळे झाला असाल, तर त्याला चहाला बोलवा.